अंगठा लागेना

शटर अजून खाली आहे. सव्वाआठ वाजलेत. हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनच्या रस्त्याला फुटणाऱ्या बोळात पंचवीसेक माणसं जमली आहेत, पण रांगेत एकही माणूस नाही. रांगेत फायली आहेत. पायरीपासून विजेच्या खांबापर्यंत प्लास्टिकच्या फायली एकीमागे एक मांडलेल्या. बटणाच्या, पारदर्शक, एखादी साडीच्या दुकानाची पिशवीच. प्रत्येकीवर दगड, नाहीतर पाण्याची बाटली. मालक मंडळी समोरच्या चहाच्या हॉटेलाच्या छपराखाली. डोळा मात्र आपापल्या फाईलवर.

ऑगस्ट संपत आलाय. बोळाच्या तोंडाशी गणपतीच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेत. रात्री पाऊस झाला. आता ऊन नाही आणि वाराही नाही. सदरा पाठीला चिकटतो. गटाराच्या कडेने सांडलेलं चहाचं पाणी वाहतं, त्यावर माशा.

एक बाई येतात, सगळ्या फायली मोजतात आणि आपली शेवटी ठेवतात. सत्तावीस. मग मोठ्याने विचारतात, "टोकन देते क्या इधर?" कुणी उत्तर देत नाही. टोकन नऊनंतर. फायलींचा क्रम तोच टोकनांचा क्रम, अशी इथली समजूत आहे. ती पाळली जाते. भांडण झालंच तर मोडलेल्या रांगेवरून होतं, उशिरावरून कधीच नाही.

शटर वर जातं. पाटी निळी-पांढरी, अक्षरं तेलुगू : मीसेवा. तुमच्या सेवेत, असा त्याचा अर्थ. २०११ पासून ही केंद्रं गल्लोगल्ली आहेत. एरवी वीजबिल, जन्मदाखला, जमिनीचे कागद. कॉलेजं सुरू झाली की मात्र मुलांचंच राज्य. आत दोन संगणक, एक पंखा, देवाच्या तसबिरीला कालचा हार. ऑपरेटर चोविशीतला असेल. उदबत्ती लावतो, यंत्र सुरू करतो, पडद्याकडे बघत बसतो. आम्ही त्याच्याकडे.

"सर्वर नै आया. बैठो."

बसायला बाक एकच. त्यावर चार बायका बसल्यात. बाकीचे उभे.

---

बाकावरच्या एका बाईंचा मुलगा दाराला टेकून मोबाइलवर काहीतरी वाचतोय. इंजिनिअरिंगला सीट लागली आहे. लागली म्हणताना बाई हसतात, मग लगेच आकडा सांगतात. रँक दहा हजार चारशेच्या पुढे. "चारसौ से गए, भय्या." बीसीतल्या, म्हणजे मागासवर्गातल्या, मुलाचा प्रवेशपरीक्षेचा रँक दहा हजारांच्या आत असला तर कॉलेजची फी किती का असेना, सरकार पूर्ण देतं. त्यापुढे गेला की वर्षाला ३५ हजार. या मुलाच्या कॉलेजची फी लाखाच्या घरात. म्हणजे उरलेले पासष्ट हजार घरातून, चारही वर्षं. चारशे रँक म्हणजे त्या दिवशी चुकलेला एखादा प्रश्न. मुलगा वर बघत नाही. हा हिशेब त्याने बऱ्याचदा ऐकला असावा.

नऊ वीस. यंत्र जागं होतं. पहिलं टोकन.

आज बहुतेकांना हवाय तो उत्पन्नाचा दाखला. इथे त्याला सगळे नुसतं 'इन्कम' म्हणतात. इन्कम आलं का, इन्कम अडकलं, इन्कमची तारीख गेली. अर्ज इथे भरायचा, ४५ रुपये द्यायचे, पावती घ्यायची, मग त्या पावतीला आधार नि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडून मंडल कार्यालयात जायचं. तहसीलदाराची सही झाली की मोबाइलवर निरोप येतो. दाखला वर्षाने शिळा होतो. गरिबी तीच असली तरी कागद नवा लागतो.

"सालाना आमदनी?" ऑपरेटर विचारतो.

खुर्चीवर रिक्षावाला बसलाय. खाकी शर्ट, खिशात पेन. उत्तर द्यायला थोडा वेळ घेतो.

हा थोडा वेळ समजून घेण्यासारखा आहे. शहरातल्या मुलाला फी माफ व्हायची तर घरचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. दोन लाख ऐकायला बरे वाटतात. महिन्याला ते सोळा हजार सहाशे सहासष्ट होतात. दिवसाला साडेपाचशेच्या आत. रिक्षा रोजचे पाचशे सुटून देत असेल आणि महिन्यात सव्वीस दिवस चालत असेल, तर तेरा हजार. बायको दोन घरची धुणीभांडी करून सहा हजार आणत असेल, तर एकोणीस. एकोणिसाला बाराने गुणलं की दोन लाख अठ्ठावीस हजार. म्हणजे बायकोने भांडी घासली म्हणून घर गरीब राहत नाही.

"एक लाख अस्सी," रिक्षावाला म्हणतो.

ऑपरेटर टाइप करतो. मान वर करत नाही. आजच्या सकाळी हा आकडा मी पाचव्यांदा ऐकतोय.

---

अकराव्या टोकनाला एक मुलगी पुढे येते. काळा बुरखा, खांद्याला कॉलेजची बॅग, हातात हिरवी फाईल. डिग्रीचं पहिलं वर्ष. तिचं इन्कम झालेलं आहे. तिला 'ई-पास'साठी बोटाचा ठसा द्यायचाय. ई-पास ही फी नि शिष्यवृत्ती दोन्हींची वेबसाइट. अर्ज मोबाइलवर भरता येतो, पण अर्ज करणारी आपणच हे यंत्रावर बोट ठेवून सिद्ध करावं लागतं. दहावीचा हॉल टिकीट नंबर, आधारचा नंबर आणि बोट. तिन्हींत एकच माणूस दिसला पाहिजे. मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, नावाचं एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी गाडी थांबते.

तिची बोटावर थांबलीय.

यंत्र काडेपेटीएवढं. काचेखाली लाल उजेड. ती उजवा अंगठा ठेवते. टूं. पडद्यावर लाल पट्टी.

"पोंछ के लगाव."

ओढणीला पुसते. पुन्हा ठेवते. टूं.

"बालों को लगा के लगाव." केसांच्या तेलाने बोट ओलसर होतं, ठसा उमटतो, हा इथला तोडगा. ती कपाळावरचे केस चाचपते, अंगठा घासते, ठेवते. टूं. मग डावा अंगठा. मग तर्जनी. मागून कुणीतरी घड्याळ बघतं. तेवढ्यात सर्वर जातो, आणि एका अर्थी तिची सुटका होते.

"इंटर को तो लगा था," ती म्हणते. कुणाला उद्देशून नाही. इंटर म्हणजे अकरावी-बारावी.

तिची बोटं मी जवळून बघतो. टोकं गुळगुळीत, किंचित पिवळट, तर्जनीवर जुन्या चटक्याचा डाग. लाडबाजाराच्या मागच्या गल्लीत घर. घरी लाखेच्या बांगड्या होतात. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, लाटून कडं वळवायचं आणि लाख गरम असतानाच एकेक खडा बोटाने दाबून बसवायचा. गार झाली की खडा धरत नाही. खडे अम्मी बसवायची. दोन वर्षांपूर्वी अम्मीची नजर कमी झाली. तेव्हापासून ही बसवते, कॉलेजच्या आधी दोन तास, नंतर तीन. इंटरच्या वेळी बोटांना रेषा होत्या.

"चार बजे आव," ऑपरेटर सांगतो. "साबुन से धो के, तेल लगा के आव." आवाजात खेकसणं नाही. असले हात त्याने पुष्कळ बघितलेत. गवंड्यांचे, धुणंवाल्यांचे, आणि आता त्यांच्या मुलांचे.

ती फाईलचं बटण लावते. दोनदा लावते, कारण पहिल्यांदा लागत नाही.

---

माझ्या मागचा मुलगा मला काका म्हणतो तेव्हा मी दचकतो. मराठीत म्हणतो म्हणून.

"काका, तुम्ही मराठीच का?"

मी फोनवर घरी बोलत होतो ते त्याने ऐकलंय. तो मद्नूरचा. कामारेड्डी जिल्हा, तेलंगणाची वरची कड. पलीकडे महाराष्ट्रातलं देगलूर. "आमच्याकडं सगळे मराठीच बोलतेत. शाळा तेलुगू. घर मराठी. हितं आलो की हिंदी." तीन भाषा तो एका दमात सांगतो, तक्रार म्हणून नाही. इथे मागासवर्गीयांच्या सरकारी वसतिगृहात राहतो. सर्वर परत येतो तेव्हा त्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागतो. यंत्र हिरवं होतं. तो अंगठ्याकडे बघतो, जणू त्याने काही विशेष केलंय.

कोठीकडे दोघांनाही जायचंय. चालत निघतो.

रस्त्यात कळतं की इन्कमसाठी तो गेल्याच आठवड्यात गावी जाऊन आलाय. अर्ज कुठूनही टाका, सही गावच्या तहसीलदाराची. दोन दिवस गेले, येण्याजाण्याचं भाडं गेलं. त्याच्यासाठी मर्यादाही वेगळी. बीसीचा मुलगा खेड्यातला असला तर घरचं उत्पन्न दीड लाखाच्या आत हवं. दोन लाख शहरवाल्यांना. बाप सोयाबीन करतो. तीन एकर. एखाद्या वर्षी भाव आला तर दीड लाखाची रेघ ओलांडली जाईल, ही काळजी त्याला आतापासून आहे. भाव येऊ नये असं म्हणवत नाही, असंही सांगतो.

मामाची मुलगी देगलूरची. ती नांदेडला इंजिनिअरिंगला. तिकडे आठ लाखांपर्यंत चालतं, आणि २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ. "मामाचं शेत नि आमचं शेत सारखंच हाय, काका. मधी निस्ती हद्द."

तिकडेही महाडीबीटीच्या अर्जाला हेच सगळे कागद जोडावे लागतात, हे मी त्याला सांगत नाही.

---

बडी चावडी. रस्ता अरुंद होतो. भाजीचे हातगाडे, पोत्यांवर मांडलेल्या हिरव्या मिरच्या, दुपारच्या आधीच कोमेजलेली कोथिंबीर. हा जुना मराठी वस्तीचा भाग. काही घरांच्या दारांवर अजून मराठी आडनावं आहेत. पाट्या पुसट झाल्यात, कारण आतली माणसं अमेरिकेत नाहीतर पुण्याला.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होता. परभणी, बीड, नांदेडच्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचं तर हे शहर. १९१८ साली इथे विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. घरी मराठी बोलणारी पोरं उर्दूतून भूमिती नि इतिहास शिकली. आमच्या घरी आजोबांच्या वेळचं बोलणं निघालं की कोण कुणाकडे वारावर होतं हे हमखास निघे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, अशी सात घरं. त्यातलं एखादं घर हातचं गेलं की त्या वारी उपास. घर मिळवायलाही ओळख लागायची, आणि ओळख बहुतेक जातीतलीच असायची. ज्याच्या जातीचं या चावडीत एकही घर नव्हतं, त्याला वार कुठला?

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली ती १९४४ साली. कुणाच्या ओसरीवर न बसता शिकायची ती सोय. पुढे एकेक गट त्यात येत गेला. २००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने फीच भरून द्यायला घेतली. खासगी कॉलेजांचीसुद्धा. मद्नूरच्या मुलाच्या घरात तोवर कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आता तो जाणारा तिसरा.

"वारावर म्हंजे?" तो विचारतो. मी सांगतो. तो बोटं मोजतो. आधार, इन्कम, कास्ट, बोनाफाईड, दहावीचा मेमो, इंटरचा मेमो, पासबुक.

"आमची बी सातच की."

---

सुलतान बाजार. डोक्यावरून मेट्रो जाते, खाली तिची सावली सरकते. बायकांची गर्दी, अंगावर धरून बघितलेले कपडे, "पचास, पचास" चा पुकारा. बस थांबते. मुली चढतात, आधारकार्ड वर धरतात, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडतो. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या बायकांना ही बस फुकट. लाडबाजारची ती मुलगी याच बसने गेली असेल आणि याच बसने परत येईल. मुलांना मात्र तिकीट आहे. म्हणून आम्ही चालतोय.

बँकेत दहा मिनिटं जातात. त्याच्या खात्याला आधार जोडलाय का, एवढंच विचारायचं होतं. जोडलाय. पासबुकात मात्र छापायला काही नाही.

कोठीला दवाखान्यापाशी पाच रुपयांच्या जेवणाची टपरी आहे. बाराच्या सुमारास पातेली उतरतात. रांग आधीच लागलेली. पेशंटांचे नातेवाईक, हमाल, दोन पोलीस, आणि पाठीवर बॅगा असलेली बरीच मुलं. पाचाचं नाणं द्यायचं, ताट घ्यायचं. भात, सांबार, एक भाजी, लोणचं. ही सोय २०१४ पासूनची. बसायला जागा नाही. कठड्याला ताट टेकवून उभ्यानेच जेवायचं. भात वाफाळतोय, घाम नाकावरून ताटात पडायला बघतो. मद्नूरचा मुलगा पटापट जेवतो, बोटं चाटतो, आणखी भात मिळेल का बघतो. मिळतो.

वसतिगृहात जेवण नाही का? आहे. कॉलेजातल्या मुलामागे सरकार जेवणाचे महिना २,१०० देतं. २०२४ च्या वाढीनंतरचे. आधी दीड हजार होते. दिवसाचे सत्तर रुपये, त्यात तीन वेळचं. "चांगलं असतंय. पण दुपारी वापस जायला दीड तास लागतंय."

तो हात धुतो. शेजारी एक मुलगी रिकामं ताट ठेवते, पर्समधून वही काढते आणि उभ्या उभ्या काहीतरी पाठ करायला लागते. ओठ हलतात. सांबाराचा वास, दवाखान्याच्या फिनेलचा वास. वाहनांचा आवाज इतका की तिला स्वतःचं पाठांतरही ऐकू येत नसावं.

पुढे जुन्या पुस्तकांची दुकानं. फुटपाथवर छातीएवढ्या उंचीचे गठ्ठे, वरून प्लास्टिक. पलीकडे उंच खांबांची जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी, झाडांमागे अर्धी दिसणारी. कित्येक वर्षं तिथे मुलींचं कॉलेज होतं, २०२२ पासून मुलींचं विद्यापीठ. गठ्ठ्यांपाशी तिथल्याच मुलींच्या घोळक्यात शिरून मद्नूरचा मुलगा हिशेबशास्त्राचं पुस्तक मागतो. दुकानदार न बघता गठ्ठ्याच्या मधून एक ओढतो. वरचा डोलारा हलत नाही. कौशल्य आहे. पहिल्या पानावर तिघांची नावं, तिन्ही खोडलेली. भाव १२०. घासाघीस करून नव्वद. फी सरकार देतं, पुस्तक द्यायचं कुणाच्या यादीत नाही. तो पुस्तक छातीशी धरतो. बॅगेत टाकत नाही.

---

कॉलेजचं नाव सांगत नाही. असली कॉलेजं या शहरात शेकड्याने आहेत. तीन मजली इमारत, खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्यात गुटख्याचे डाग. ऑफिसला जाळीची खिडकी, हात जाईल एवढी अर्धगोल फट. फटीपाशी आठ-दहा मुलं. पंखा आत आहे. वारा आतच फिरतो.

मुलगा आपले सात कागद देतो. क्लार्क ते टाचणीने जोडतो, वर नंबर घालतो. "पंचाहत्तर टक्के हजेरी. अंगठा रोज लागला पाहिजे," हिंदीत बजावतो. इथेही दाराशी तसलंच यंत्र. हजेरी भरली नाही तर पैसे नाहीत. मुलाचं काम पाच मिनिटांत होतं. आम्ही तरी थांबतो, कारण शेजारच्या मुलीचं होत नाही.

ती तीन वर्षांपूर्वी इथे आली, या वर्षी पास झाली. एम.एस्सी.ला नंबर लागलाय. त्यासाठी टीसी आणि मूळ मेमो हवेत. ते या जाळीमागच्या लोखंडी कपाटात आहेत. फी वर्षाला पंधरा हजार. पहिल्या वर्षाची सरकारकडून आली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची आलेली नाही. तीस हजार.

"आप भर दो. गवर्नमेंट का आया तो वापस देंगे."

"सर, मैं तो ई-पास में हूँ."

"सब ई-पास में हैं."

हे खरं आहे. इथली बहुतेक मुलं ई-पासमध्ये आहेत. म्हणजे कॉलेजची बहुतेक कमाई सरकारकडून यायची आहे. राज्यभराची थकबाकी हजारो कोटींत सांगतात. मंजुरी झाली की कोषागारातून टोकन नंबर निघतो. टोकन निघालं म्हणजे बिल मान्य झालं. पैसे आले असं नाही. टोकन भिंतीवर लावून ठेवता येतं, त्याने पगार करता येत नाही. क्लार्कच्या टेबलावर अशा टोकनांची एक यादी काचेखाली सरकवलेली आहे. तारीख गेल्या वर्षीची.

मुलगी फटीतून कागद पुन्हा आत सारते. क्लार्क तो पुन्हा बाहेर सारतो. दोघांचीही बोटं काही क्षण त्याच कागदावर.

"मेरी तनखा भी दो महीने से नै आई, अम्मा," तो म्हणतो. मग चष्मा काढून पुसतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्याच्या मागे कपाट. कपाटाला कुलूप. किल्ली त्याच्याकडे नाही, हे तो सांगतो तेव्हा मला खरं वाटतं.

मुलगी जिना उतरत नाही. पायरीवर बसते. फोन लावते. "हाँ पप्पा," म्हणते, आणि नंतर बराच वेळ फक्त ऐकते.

---

चारला दहा कमी. मद्नूरचा मुलगा कोठीच्या स्टॉपवर बस पकडतो, खिडकीतून पुस्तक हलवून निरोप देतो. मी परत काचीगुड्याकडे. मला माझ्या घराचं वीजबिल भरायचं होतं, तेवढ्यासाठी आलो होतो. सकाळी राहून गेलं.

बोळात आता सकाळची गर्दी नाही. पायरीवर चार फायली. आभाळ भरून आलंय, बोळ अंधारलाय, आतला ट्यूबलाइट जास्तच पांढरा दिसतो. ऑपरेटरच्या शर्टाच्या बगला ओल्या. समोर थंड झालेला चहा, त्यावर साय.

ती बाहेर उभी आहे. हिरवी फाईल. हात धुऊन आलीय. बोटांना खोबरेलाचा वास येतो, तो दारापर्यंत जाणवतो.

उजवा अंगठा. टूं. डावा. टूं. ऑपरेटर यंत्राची काच आपल्या रुमालाने पुसतो. तर्जनी. टूं. मधलं बोट. टूं. आता मागे घाई करणारं कुणी नाही. मी एकटा आहे आणि माझं बिल उद्याही भरता येईल.

"दूसरा हात."

तर्जनी. मधलं. अनामिका. प्रत्येक वेळी ती बोट उचलते, बघते, ओढणीला टिपते. ऑपरेटरही आता पडद्याऐवजी तिच्या हाताकडे बघतो.

"खडे किससे बिठाते?"

ती हवेत दाखवते. अंगठा नि तर्जनी चिमटीत, मधलं आधाराला, अनामिका बांगडी फिरवायला. दाखवता दाखवता थांबते. करंगळी बाजूला उभी राहिलीय. कामात तिचा कशालाच स्पर्श होत नाही.

"वो लगाव."

ती डाव्या हाताची करंगळी ठेवते. लाल उजेड नखातून आरपार दिसतो. यंत्र बराच वेळ काहीच बोलत नाही. बाहेर पहिले थेंब पत्र्यावर पडतात.

पट्टी हिरवी होते.

ऑपरेटर प्रिंट सोडतो. छापणारं यंत्र कुरकुरतं, कागद अर्ध्यावर अडकतो, तो ओढून काढतो. ती पावती वाचते. नाव, बापाचं नाव, हॉल टिकीट नंबर, सगळं एकदा बोटाखालून घालते. पैसे देते. सुटे नाहीत म्हणून तो दोन रुपयांऐवजी चॉकलेट देतो. ती घेते.

मग फाईल उघडते. आत इंटरच्या पहिल्या वर्षाची पावती आहे, दुसऱ्या वर्षाची आहे, आणि तीन वर्षांची तीन इन्कमं. ती नवी पावती सगळ्यांच्या वर ठेवते, कडा जुळवते, बटण लावते. पाऊस वाढलाय. फाईल बुरख्याच्या आत घेऊन ती बसस्टॉपच्या दिशेने धावत सुटते.

ऑपरेटर माझ्याकडे बघतो. "आपका क्या है, साब?"